एका चाकाची किंमत

लहान मुलांची तीनचाकी सायकल एकदा उलटी करून पाहा. तिला साखळी नसते. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असतात. पाय एक फेरा फिरला की चाकही एकच फेरा फिरते, पाय थांबला की चाक थांबते. मागची दोन चाके फक्त मूल पडू नये म्हणून आहेत. ती काढली, हँडल काढले, उरलेल्या चाकावर एक सीट बसवली की जे यंत्र हाती येते त्याला युनिसायकल म्हणतात. आपण एकचाकी म्हणू. तिच्यात ना फ्रीव्हील, ना साखळी, ना गिअर. बहुतेकींना ब्रेकही नसतो. दुचाकी सायकलीत जेवढे भाग असतात त्याच्या निम्मेही हिच्यात नसतात. तरी दुकानात विचारले तर हिची किंमत साध्या दुचाकीच्या जवळ किंवा तिच्याही वर का जाते, हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर शोधताना दीडशे वर्षे मागे जावे लागले.

निमित्त माझ्या भाचीचे. जपानमधल्या एका शाळेच्या मैदानावर तिच्याच वयाच्या मुली हातात हात घालून एकचाकी चालवताना तिने मोबाइलवर पाहिल्या आणि मामूकडे फर्माईश आली. घरातल्या मोठ्यांची पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच होती, "का गं, सर्कशीत जायचंय का?" या एका वाक्यात एकचाकीचा भारतातला बराचसा इतिहास आहे. त्याच्याकडे येऊच, पण आधी पॅरिस आणि कोव्हेंट्री.

चाकाला पायडल लावण्याची कल्पना १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये रुजली. पिएर लालेमाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने १८६६ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. मिशो यांच्या कारखान्याने या गाड्या पॅरिसमध्ये विकल्या. लाकडी चाके, लोखंडी धावा, दगडी रस्ते. इंग्रजांनी तिला 'हाडे खिळखिळी करणारी' असे नाव दिले ते उगाच नाही. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, फ्रेंच कारखाने थंडावले आणि हा धंदा इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरात गेला. तिथे शिवणयंत्रे बनवणारी एक कंपनी होती, तिच्यात जेम्स स्टार्ली नावाचा हुशार फोरमन होता. त्याने आणि विल्यम हिलमनने १८७० मध्ये 'एरियल' नावाच्या सायकलीचे पेटंट घेतले. चाक पूर्ण धातूचे, मधे ताणलेल्या तारा. आज आपल्या गल्लीतला मिस्त्री चाकाचा आऊट काढताना ज्या तारा एकेक करून आवळतो, त्यांची वंशावळ या ताणलेल्या तारांच्या चाकाशी जोडलेली आहे.

तारांचे चाक हलके झाले म्हणून मोठे करता आले, आणि मोठे करण्याला कारण होते. साखळी नसेल तर वेग वाढवायचा एकच मार्ग, चाकाचा घेर वाढवणे. ५४ इंची चाक एका फेऱ्यात साधारण सव्वाचार मीटर पुढे जाते, २० इंची चाक फक्त एक मीटर साठ सेंटिमीटर. त्यामुळे चाक वाढत गेले, इतके की त्याला मर्यादा फक्त चालवणाऱ्याच्या पायाच्या लांबीची उरली. शिंप्याकडे माप देतात तसे गिऱ्हाइकाच्या पायाचे माप घेऊन चाक निवडले जाई. मागचे चाक मात्र टेकू म्हणून छोटेसे. इंग्रजांच्या नाण्यांत पेनी मोठी आणि फार्दिंग चिमुकली असे, त्यावरून पुढे या सायकलीला पेनी-फार्दिंग म्हणू लागले. आपल्याकडे जन्मली असती तर तिला रुपया-पै म्हटले असते.

आता किमतीकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. १८७८ मध्ये बोस्टनच्या अल्बर्ट पोप याने अमेरिकेत 'कोलंबिया' नावाच्या उंच सायकली बनवायला सुरुवात केली. गंमत म्हणजे त्याही हार्टफर्ड शहरातल्या एका शिवणयंत्रांच्या कारखान्यातच बनल्या, पहिली खेप पन्नासांची. एकीची किंमत नव्वद डॉलरच्या पुढे होती. त्या काळच्या कामगाराला ही रक्कम कित्येक आठवडे राबून मिळे, आणि तीसुद्धा घरात चूल पेटवायची नाही असे ठरवले तर. म्हणजे उंच सायकल हा पैसेवाल्या, धडधाकट, तरुण पुरुषांचा शौक होता. तिन्ही विशेषणे महत्त्वाची आहेत. घोळदार झगा घालणाऱ्या बाईला त्या चाकावर चढणेच शक्य नव्हते. बायकांसाठी आणि वयस्कांसाठी तीनचाकी निघाल्या, त्या आणखी महाग. कामगाराला पैसा नव्हता, बाईला वाट नव्हती. सायकल ही गरिबाची गाडी आहे असे आपण आज सहज म्हणतो, पण पहिली काही वर्षे ती अजिबात तशी नव्हती.

याच कोलंबियाच्या ५० इंची सायकलीवर थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि जगप्रदक्षिणा करून १८८६ च्या अखेरीस योकोहामाला पोहोचला. तुर्कस्तान ओलांडून तो इराणात गेला, हिवाळा तेहरानमध्ये काढला आणि खुद्द शाह नासिरुद्दीनला सायकल चालवून दाखवली. अफगाणिस्तानातून त्याला माघारी पाठवले म्हणून तो पुन्हा पश्चिमेकडे गेला आणि समुद्रमार्गे कराचीला उतरला, तिथून लाहोर आणि मग ग्रँड ट्रंक रोडने दिल्ली, आग्रा करत कलकत्त्यापर्यंत. मुंबई, पुणे त्याच्या वाटेवर आलेच नाहीत. शेरशाहाच्या रस्त्यावर तो उंच चाकावर बसून जात असताना दोन्ही बाजूंच्या शेतांतल्या माणसांना काय वाटले असेल, हे त्यांच्यापैकी कुणी लिहून ठेवले असते तर मी स्टीव्हन्सच्या पुस्तकाआधी ते वाचले असते.

उंच सायकलीला एक वाईट खोड होती. सीट जवळजवळ पुढच्या आसाच्या वर असल्याने जरा दगड लागला किंवा जोरात ब्रेक दाबला की मागचे चाक उचलले जाई आणि स्वार डोक्यावर आपटे. पण जे तोल सावरण्यात पटाईत होते त्यांच्या लक्षात आले की मागचे चाक हवेत असतानाही क्षणभर पुढे जाता येते. क्षणाचे दोन क्षण झाले, मग काहींनी विचारले असेल, की मागचे चाक हवेतच राहणार असेल तर ते हवे कशाला? एकचाकीचा जन्म असा झाला असे बहुतेक अभ्यासक मानतात. पेटंटांच्या दप्तरात त्याआधीही एका चाकाच्या गाड्यांची चित्रे आहेत, काहींत तर माणूस चाकाच्या आत बसलेला. पण आपण ओळखतो ती एकचाकी उंच सायकलीच्या पोटातून निघाली हे पटण्यासारखे आहे. रचना बघितली की दुसरा पुरावा मागावासा वाटत नाही.

१८८५ मध्ये जेम्स स्टार्लीचाच पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' आणली. दोन जवळपास सारखी चाके, साखळीने फिरणारे मागचे चाक. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने हवेचा टायर काढला. पाच-सात वर्षांत उंच सायकलीला कुणी विचारेना. त्यानंतर दुचाकी स्वस्त होत गेली. १८९७ मध्ये पोपलाही कोलंबियाची किंमत शंभर डॉलरवरून पंचाहत्तरवर आणावी लागली. ज्या यंत्राला गिऱ्हाईक उरत नाही ते कवडीमोलाने जाते, आणि कवडीमोलाने जाणारी वस्तू नेहमी ज्यांच्या हाती पडते त्यांच्याच हाती ही कल्पना पडली. सर्कशीचे आणि रंगमंचावरचे कसरतपटू ती घेऊन बसले. त्यांनी चाक लहान केले, सीट उंच केली, पुढे साखळी लावून माणसाच्या दुप्पट उंचीची 'जिराफ' एकचाकी बनवली. त्यांच्यासाठी दुकाने नव्हती. ओळखीचा लोहार, जुन्या सायकलीचे चाक आणि उलटा केलेला पुढचा फोर्क, एवढ्यात काम भागवावे लागे. म्हणजे शंभरेक वर्षे एकचाकी ही विकत घ्यायची नव्हे, बनवून घ्यायची वस्तू होती.

आता आपल्याकडे. पेनी-फार्दिंगचा जमाना जोरात असतानाच, २० मार्च १८८० रोजी, कुरुंदवाडला विष्णुपंत छत्रे यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. संस्थानिकांच्या पागेत घोड्यांना शिकवणाऱ्या या माणसाने मुंबईत किआरिनी या इटालियनाची सर्कस पाहिली. हिंदुस्थानी लोकांना सर्कस जमायला अजून वेळ आहे असे किआरिनी म्हणाला आणि ते छत्र्यांना लागले, असे सांगितले जाते. पुढे ते केरळात तेल्लिचेरीला पोहोचले, तिथले व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हीकण्णन यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि भारतीय सर्कशीचे केंद्र हळूहळू कृष्णाकाठावरून मलबारला सरकले. देवल, कार्लेकर, शेलार अशी मराठी नावे मात्र पुढची कैक वर्षे तंबूंवर झळकत राहिली.

जरा विषय सोडून सांगतो, कारण सांगितल्यावाचून राहवत नाही. हेच विष्णुपंत ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांचे शागीर्द. खाँसाहेबांचे पुत्र रहिमत खाँ आयुष्यात पार विस्कटून गेले तेव्हा छत्र्यांनीच त्यांना आपल्याबरोबर आणले, सांभाळले. भूगंधर्व म्हणून ज्यांचे नाव झाले ते रहिमत खाँ सर्कशीच्या तंबूबरोबर हिंडले आणि १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच गेले. गुरूच्या मुलासाठी सर्कसवाल्याने काय केले, हे ख्यालगायकीच्या पुस्तकांत एका परिच्छेदात संपते. सर्कशीच्या पुस्तकांत तर बहुधा तेवढेही नसते.

छत्र्यांच्या पहिल्या खेळात घोडे होते, कसरती होत्या. सायकली सर्कशीत आल्या त्या नंतर, आणि एकदा आल्या त्या गेल्याच नाहीत. माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या मैदानावर तंबू पडे तेव्हा हत्ती, झुल्यावरचे लोक आणि सायकलीचा खेळ हे तीन खेळ पाहायचेच असत. त्यातही एका चाकावर बसून डोक्यावर कपबश्या झेलणारी मुलगी. टाळ्या आम्हीही वाजवल्या. ती किती वर्षांची होती, कुठून आली, तिला शाळा होती का, हे विचारायचे आमचे वय नव्हते, आणि मोठ्यांपैकी कुणी विचारले नाही. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वले, माकडे यांचे खेळ बंद झाले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. मग माणसांच्या कसरतींवर भार आणखी वाढला. आणि मुलांचे काय? नेपाळातून, बंगालमधून लहान मुली सर्कशींत आणल्या जातात, करारावर आई-बापांचा अंगठा असतो आणि सुटका नसते, ही तक्रार 'बचपन बचाओ आंदोलन'ने न्यायालयात नेली. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणण्याचा आदेश दिला. म्हणजे जनावरांच्या खेळांनंतर दहा वर्षांनी मुलांची पाळी आली. "सर्कशीत जायचंय का?" या आमच्या घरातल्या प्रश्नाच्या मागे ही सगळी भीती आहे. एका चाकावर बसलेली मुलगी म्हणजे घरापासून तुटलेली मुलगी, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे आणि ते खोटे नव्हते.

दुचाकीचे नशीब वेगळे निघाले. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ मध्ये, आसनसोलची सेन-रॅले १९५२ मध्ये, लुधियान्याची हीरो १९५६ मध्ये, अशा कंपन्या एकामागून एक उभ्या राहिल्या आणि विलायती रॅले, बीएसएची मिरास संपली. ज्याला तीही परवडत नसे त्याच्यासाठी कोपऱ्यावर तासाच्या भाड्याने सायकल मिळे. माझ्या पिढीतली निम्मी मुले भाड्याच्या सायकलीवर हाफ पायडल मारत शिकली, गुडघे फोडून घेतले आणि परत करताना वाकलेले हँडल दुकानदाराच्या लक्षात येऊ नये म्हणून दुआ मागितली. वस्तू स्वस्त होते ती फक्त कारखान्यामुळे नाही. भाड्याने देणारा, जुनी घेणारा, सुटे भाग विकणारा आणि दुरुस्त करणारा अशी सगळी साखळी उभी राहते तेव्हा. एकचाकीभोवती आपल्याकडे अशी साखळी उभी राहिलीच नाही.

ती उभी राहिली आधी अमेरिकेत. १८९५ मध्ये स्थापन झालेली शिकागोची श्विन कंपनी मुलांच्या सायकलींसाठी प्रसिद्ध होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिने तयार एकचाकी बाजारात आणली. आता कुठल्याही गावातल्या श्विनच्या दुकानात जाऊन मुलगा ती मागू शकत होता. १९७३ मध्ये बिल जेनॅक आणि त्याच्या सोबत्यांनी एकचाकी चालवणाऱ्यांची अमेरिकन संघटना काढली, १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, १९८४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात पहिले जागतिक संमेलन भरले. तंबूतला खेळ अंगणात आला होता.

पण खरी उडी जपानने मारली. जपानी भाषेत एकचाकीला 'इचिरिन्शा' म्हणतात; बांधकामावर वाळू-सिमेंट वाहायची एकचाकी हातगाडी असते, तिलाही हाच शब्द. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे एकचाकीची राष्ट्रीय संघटना निघाली. १९८९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने प्राथमिक शाळांचा नवा अभ्यासक्रम जाहीर केला आणि १९९२ पासून अमलात आलेल्या त्या अभ्यासक्रमात तिसरी-चौथीच्या शारीरिक शिक्षणात एकचाकी आली. कुठल्याही प्राथमिक शाळेच्या मैदानाकडेला लोखंडी दांड्याला ओळीने टांगलेल्या एकचाकी दिसू लागल्या. मधल्या सुट्टीत ज्याला हवी त्याने घ्यावी, घंटा झाली की परत टांगावी. पकडायला जवळच लोखंडी कठडा. विकत घ्यायचा प्रश्नच मिटला, बापाच्या पगाराचा आणि मुलीच्या तोलाचा संबंध उरला नाही. आणि झाले असे की मुलांपेक्षा मुलींनीच ती जास्त उचलली. आज जपानमध्ये एकचाकी हा मुख्यतः मुलींचा खेळ आहे, जागतिक स्पर्धांत जपानी मुली वर्षानुवर्षे पुढे राहिल्या आहेत.

हे वाचताना मला आपल्या शाळांच्या क्रीडासाहित्याच्या खोल्या आठवल्या. तिथे काय असते आणि तिची किल्ली कुणाकडे असते, हे तुम्हाला सांगायला नको. एकचाकी अवघड म्हणून आपल्या मुलींना येत नाही, असे कुणी म्हणू नये. साधारण दहा ते पंधरा तासांच्या सरावात बहुतेकांना ती पन्नास-शंभर मीटर चालवता येते. रोज अर्धा तास दिला तर महिनाभराचे काम. सर्कशीतली जी मुलगी आम्ही पाहिली ती आणि क्योटोच्या शाळेतली मुलगी यांच्या पायांत काही फरक नाही. एकीला ते यंत्र पोटासाठी दिले गेले, दुसरीला खेळण्यासाठी.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात. १९९० च्या दशकात अलास्का, कॅनडा इथल्या काही वेड्या माणसांनी एकचाकी डोंगरात नेली, त्यासाठी मजबूत हब आणि क्रँक लागू लागले. त्याच दशकाच्या शेवटी जुन्या मोटारींचे टायर बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कोकर कंपनीने ३६ इंची चाकाची एकचाकी काढली, म्हणजे यंत्र फिरून पुन्हा पेनी-फार्दिंगच्या दिशेने गेले. १९९९ मध्ये जॉन ड्रमंड या आयबीएमच्या माजी कर्मचाऱ्याने फक्त एकचाकी विकणारे इंटरनेटवरचे दुकान सुरू केले. तैवान आणि चीनमधले कारखाने माल पुरवू लागले आणि किंमत उतरली. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातला एड प्रॅट हा तरुण २०१५ ते २०१८ या काळात ३६ इंची एकचाकीवर जगप्रदक्षिणा करून आला, वाटेत तुर्कस्तान, मध्य आशिया, चीन. स्टीव्हन्सच्या चाकापेक्षा त्याचे चाक १४ इंचांनी लहान, आणि एकाने कमी.

भारतात मात्र अजूनही बहुतेक एकचाकी बाहेरून येते, तिच्यावर वाहतूक आणि जकात चढते, खप कमी म्हणून दुकानदार ती साठवत नाही. भागांची संख्या निम्मी असूनही किंमत दुचाकीएवढी होण्याचे कारण हे. वस्तू महाग नाही, तिचे एकटेपण महाग आहे. त्यात इंटरनेटवर शोधायला गेले की अर्ध्या गोष्टी बॅटरीवर चालणाऱ्या निघतात. त्यांचा या कुळाशी संबंध नाही.

म्हणून जुनी घ्यावी का, याचा मी बराच विचार केला आणि माझे मत हो असेच पडले. जुन्या दुचाकीने हजारो किलोमीटर खाल्लेले असतात. जुनी एकचाकी बहुधा जवळजवळ नवीच असते, कारण घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण तिसऱ्या-चौथ्या तासालाच हात टेकतात आणि ती पलंगाखाली सरकवतात. दहा तासांचा धीर नसलेल्यांच्या कृपेने आपल्याला ती अर्ध्या किमतीत मिळू शकते. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजार, किंवा परदेशातून परतलेल्या कुटुंबांनी विकायला काढलेले सामान, अशा ठिकाणी नजर ठेवावी. सीटच्या पुढच्या-मागच्या टोकाला ओरखडे असतील तर घाबरू नये. एकचाकी पडते ती सीटवरच, ओरखडे म्हणजे कुणीतरी प्रामाणिकपणे शिकत होते एवढेच. शिकण्यासाठी २० इंची चाक बरे, अगदी लहान मुलाला १६ इंची. सीट साधारण बेंबीच्या उंचीला यावी आणि पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा, म्हणजे सीटचा दांडा पुरेसा लांब आहे का ते पाहावे. तोकडा असेल तर लांब दांडा मिळतो, पण त्याच जाडीचा हवा.

खरे बघायचे ते क्रँक. एका हाताने चाक धरा, दुसऱ्याने क्रँक आडवा हलवा. जरा जरी खेळ जाणवला तर सावध. जुन्या पद्धतीची कॉटर पिन असेल तर आपला कुठलाही मिस्त्री ती बदलून देईल. पण चौकोनी आसावर बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक सैल असताना कुणी बरेच दिवस चालवला असेल तर त्याचे चौकोनी भोक गोल झालेले असते. ते कितीही आवळले तरी पुन्हा सैल होणार, आणि एकचाकीचा क्रँक गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. चाक फिरवून छर्ऱ्यांचा आवाज ऐकावा, आऊट असेल तर फिकीर नाही, तो निघतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्री चाचांकडे मी हा विषय काढला तेव्हा त्यांनी मोबाइलवरचे चित्र दोन बोटांनी मोठे करून दोन मिनिटे पाहिले. मग म्हणाले, "यात आहेच काय? फोर्क उलटा मारायचा, वर सीट. सगळा खेळ आसाचा आहे. पायडलाचा आस आणि चाकाचा हब एकजीव पाहिजे, तो वेल्डिंगवाल्याकडून सरळ आला तर ठीक, केसभर वाकडा आला तर मूल आयुष्यभर डावीकडेच पडेल." शंभर वर्षांपूर्वीच्या कसरतपटूंचे लोहारही असेच काहीतरी बोलले असतील. चाचांनी बनवून द्यायची तयारी दाखवली, पण सल्ला दिला जुन्या घेण्याचाच. आणि जाता जाता एक गोष्ट सांगितली, जी मला वाचलेल्या कुठल्याच पानापेक्षा उपयोगी वाटली. एकचाकीला पुढचे-मागचे तोंड दिसत नाही, पण ते असते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. सीट फिरवून कुणी ती उलट्या तोंडाने चालवली तर प्रत्येक फेऱ्याला पायडल थोडे थोडे सुटत जाते आणि क्रँकचे आटे खाऊन टाकते. म्हणून घेताना पायडल आणि क्रँकवर कोरलेले डाव्या-उजव्याचे अक्षर बघायचे, सीटचे तोंड त्याच्याशी जुळते का ते बघायचे, आणि पायडल हाताने काढून, आट्यांवर बोट फिरवून मगच पैसे मोजायचे.